दुखापतींचे निदान आणि नागपूरचा मांजा



पौषात थंडी बोचू लागली की नागपूरचे आकाश पतंगांनी भरून जाते. जुनी शुक्रवारीच्या दुकानांत चक्र्या टांगल्या जातात, मुले गच्च्यांवर चढतात आणि 'ओ काट'च्या आरोळ्या दिवेलागणीपर्यंत ऐकू येतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या आनंदाचे कोणालाही वावडे असण्याचे कारण नाही. परंतु अलीकडच्या वर्षांत याच दिवसांना एक भीषण बाजू जडली आहे. दुचाकीवरून कामास निघालेला माणूस उड्डाणपुलाच्या चढावर एकाएकी गळ्याशी हात नेतो आणि हात रक्ताने माखतो. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुलाचा गाल चिरला जातो. २०२१ च्या जानेवारीत नागपुरात मांजाने गळा कापून एका तरुणाचा मृत्यू झाला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

अशा प्रसंगातून वाचलेल्या माणसाविषयी आपल्याकडे म्हणतात, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' या बोलण्याने घरच्यांना धीर मिळतो हे खरे, पण पुढच्या वर्षीचा जखमी त्याने टळत नाही. एके काळी पटकीविषयीही समाजाची हीच वृत्ती होती. साथ आली की तो मरीआईचा कोप समजला जाई आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने पटकीने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडली, ती एका पंपाभोवती दाटलेली दिसली आणि त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. रोग्याला दोष देण्याऐवजी पाण्याकडे बोट दाखवणारी ही दृष्टी पुढे सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा पाया ठरली.

हीच दृष्टी जखमांना लावण्यास मात्र विसावे शतक बरेच पुढे जावे लागले. विल्यम हॅडन हे अमेरिकन डॉक्टर तेथील रस्ता सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख होते. हिवतापाचे कारण जसा जंतू, तसे दुखापतीचे कारण ऊर्जा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा एकाएकी शरीरावर आदळली की इजा होते; मग ती वेगाची असो, आगीची असो वा विजेची. डास हा जसा हिवतापाचा वाहक, तशी मोटार किंवा धारदार धागा हा या ऊर्जेचा वाहक. म्हणून अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर माणूस, वस्तू आणि परिसर यांत काय बदलता येईल याचा स्वतंत्र विचार करावा, असे त्यांनी सांगितले.

या कसोटीवर नागपूरचा मांजा तपासून पाहावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर अंतर कापते. आडवा आलेला बारीक धागा चालकाला दिसतो तेव्हा ब्रेक लावण्याइतका अवकाश उरलेला नसतो. सुताचा धागा अशा ताणाला बहुधा तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, तो ताणला जातो आणि काचेच्या भुकटीची धार घेऊन कातडीत शिरतो. मानेच्या पुढच्या व बाजूच्या भागात श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या कातडीपासून फारशा खोल नसतात. उड्डाणपुलावर धोका अधिक का, याचेही उत्तर यातच आहे. पुलावरचा चालक आजूबाजूच्या छपरांच्या उंचीवर आलेला असतो आणि खाली लोंबणारा धागा नेमका त्याच्या गळ्याच्या रेषेत येतो. संक्रांतीच्या दिवशी नागपूर पोलीस उड्डाणपूल वाहतुकीस बंद ठेवू लागले, तेव्हा थोडी कुरकूर झाली. परंतु माणूस आणि धोका यांची वाटच वेगळी करणे हा हॅडन यांनी सांगितलेल्या उपायांपैकी एक आहे आणि या उपायाला कोणाच्याही शहाणपणावर विसंबून राहावे लागत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजाचे उत्पादन, साठा, विक्री आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. तरीही धागा मिळतो. संक्रांतीच्या दिवशी गच्चीवरचा मुलगा पकडणे सोपे असते, पण तोवर त्या चक्रीने कारखान्यापासून गोदामापर्यंत आणि गोदामापासून गल्लीतल्या दुकानापर्यंतचा प्रवास केव्हाच पुरा केलेला असतो. साथ पंपाशीच थांबवावी लागते. जानेवारीतल्या छाप्यांपेक्षा हिवाळ्याच्या तोंडाशी झालेली गोदामांची तपासणी त्यामुळेच अधिक मोलाची.

आणि मोजदादीचे काय? रुग्णालयाच्या कागदावर 'मानेस जखम, टाके घातले' एवढी नोंद बहुधा होते. धागा कोणता होता, घटना कोणत्या रस्त्यावर घडली, किती वाजता घडली, जखमी दुचाकीवर होता की पायी, ही माहिती विचारली गेली तरी एका ठिकाणी जमा होत नाही. पोलिसांपर्यंत प्रामुख्याने गंभीर प्रकरणेच पोहोचतात. जॉन स्नो यांच्या हाती जो नकाशा होता, तसा मांजाच्या जखमांचा नकाशा करावयाचा तर मेडिकल, मेयो, एम्स आणि खाजगी दवाखाने यांनी जानेवारीपुरती एक साधी नोंदवही ठेवली तरी पुरे.

असा नकाशा करणे अशक्य नाही, हे याच शहराने रस्त्यांच्या बाबतीत दाखवून दिले आहे. २०२१ मध्ये नागपुरात 'आय-रास्ते' हा प्रकल्प सुरू झाला. महानगरपालिका, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि तंत्रज्ञान क्षेत्रातील काही संस्था त्यात एकत्र आल्या. शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसवून टक्कर होण्याचा संभव दिसताच चालकास इशारा देण्याची सोय झाली आणि असे इशारे वारंवार कोठे येतात तेही नोंदले जाऊ लागले. माणसे मेल्यावर एखादी जागा धोक्याची ठरवण्याऐवजी, अपघात होता होता टळला ती जागा आधी हुडकावी, ही त्यामागची कल्पना. देशात २०२२ या एका वर्षात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपट्टा डोक्याला गुंडाळून निघणाऱ्या दुचाकीस्वाराला हेल्मेटचाच तेवढा उकाडा का व्हावा, हे एक कोडेच आहे.

विदर्भाच्या वाट्याला आलेली आणखी एक इजा मात्र केवळ उपदेशाने टळणारी नव्हती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. 'त्यांनी तोंडाला मास्क बांधला नाही' असे म्हणून अनेकांनी विषय संपवला. पण त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाड्यात फवारा तोंडावर येत होता आणि अशा हवेत सर्वांगाला पोशाख घालून दिवसभर राबणे शेतमजुराला शक्य नव्हते. येथे विष सौम्य करणे किंवा ते बाजारातूनच हटवणे हाच पहिला उपाय ठरतो. श्रीलंकेने १९८० च्या दशकापासून अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली. तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतर उतरत जाऊन ७० टक्क्यांहून अधिक घटले. कर्ज आणि दुःख काही त्या बेटावरून नाहीसे झाले नव्हते, पण निराशेच्या घटकेला जीवघेणे विष हाताशी राहिले नाही आणि ती घटका टळलेली असंख्य माणसे पुढे जगली.

हिंसाचारालाही हेच शास्त्र लागू पडते का, हा प्रश्न साहजिक आहे. माणूस माणसाला मारतो तेव्हा तो विषय पोलीस ठाण्याचा, असा समज दृढ होता. १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची मोठी समस्या असल्याचा ठराव केला आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्राने यात मागे न राहता काम केले आहे. या शतकाच्या आरंभी मुंबईत वांद्रे येथील महानगरपालिकेच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम. 'जिन्यावरून पडले', 'स्टोव्ह भडकला' असे सांगत येणाऱ्या स्त्रीच्या जखमेत घरातील मारहाण ओळखण्याचे शिक्षण तेथील परिचारिकांना आणि डॉक्टरांना देण्यात आले. मारहाण सोसणारी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरते, पण जखम बांधून घेण्यासाठी दवाखान्यात येते. तेथेच कोणी खालच्या आवाजात विचारपूस केली, तर पुढची मोठी इजा होण्याआधी मदत सुरू होऊ शकते.

उरतो तिसरा टप्पा, म्हणजे इजा झाल्यानंतरचा, आणि येत्या संक्रांतीला तो कोणाच्याही वाट्यास येऊ शकतो. मांजाने गळा कापला गेल्यास वाहन बाजूला थांबवून जखमीला खाली बसवावे वा निजवावे. धागा खोल रुतला असल्यास तो ओढून काढू नये. स्वच्छ कापडाची घडी रक्त वाहते त्या जागी घट्ट दाबून धरावी, मात्र गळ्याभोवती फास बसेल असे काही आवळू नये व श्वासनलिका दाबू नये. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे आणि रुग्णालय येईपर्यंत दाब सोडू नये. पाणी किंवा चहा पाजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मदत करणाऱ्यामागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागेल ही भीती आता नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा व्यक्तीला संरक्षण दिले आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही तिच्यावर करता येत नाही.