आठवड्याचे वीस तास

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. मीही डायनिंग हॉलमध्ये भांडी विसळली आहेत. (आईला मात्र 'लायब्ररीत काम करतो' असं सांगायचो!) तेव्हा त्या नियमाचा राग यायचा; पण परीक्षेच्या वेळी त्यानंच वाचवलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात 'कमवा आणि शिका' तत्त्वावर कॉलेज काढलं. तिथं काम देणारे आणि शिकवणारे एकच होते. गावाकडून पुण्याला आलेली कित्येक मुलं मात्र कुठेतरी रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला बसतात. त्यांचे तास कोण मोजणार? मेसचं बिल भरलं गेलं, तर त्यातल्या एकदोन पाळ्या तरी सुटतील. आजचा निधी त्या बिलांसाठीच आहे. फॉर्म दाराशी ठेवलेत. चेक मंडळाच्या नावानं काढा.