हवापालटाचा खर्च कोणाच्या माथीं?



महोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेंत सुटी कशी घालवावी हा विषय माझ्या वांट्यास आला आहे. तो कोणास हलका वाटेल. परंतु आपण वसईकरांनीं तरी त्यास हलका मानूं नये. कारण ह्या व्यवहाराच्या दोन्ही बाजू आपण पाहिल्या आहेत. मे महिन्यांत आपण पाहुणे होऊन परगांवीं जातों, आणि रविवारीं मुंबईचे पाहुणे आपल्या किनाऱ्यावर उतरतात. अर्नाळ्याच्या व कळंबच्या वाळूंत सोमवारीं सकाळीं काय काय पडलेलें असतें, तें तेथील रहिवाशांस विचारावें. पाहुण्यांनीं दोन पैसे दिले हें खरें. पण ते कोणाच्या हातीं गेले, आणि केर काढण्याचें काम कोणाच्या माथीं आलें, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. आज मी तोच हिशेब मांडणार आहें. मात्र ह्या खेपेस पाहुणे आपण आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, विश्रांति ही चैन नव्हे. १९३६ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें पगारी रजेचा करार संमत केला. वर्षभर चाकरी केलेल्या कामगारास निदान सहा दिवसांची पगारी रजा मिळावी असें त्यांत ठरलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत फ्रान्सनें दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. रजा मिळाली, पण गाडीभाडें कोठून आणावें? म्हणून तेथील सरकारांतील लेओ लाग्रांज यांनीं कामगारांकरितां शेंकडा ४० सवलतीचें रजेचें तिकीट सुरू केलें, आणि ज्यांनीं जन्मांत समुद्र पाहिला नव्हता अशीं कुटुंबें त्या उन्हाळ्यांत समुद्रकांठीं गेलीं. आपल्याकडेहि १९४८ च्या कारखाने अधिनियमानें कामाच्या दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा दिली. पण आपल्या आळींतील मोलकरीण, वाडींत खपणारा मजूर, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी बाई, ह्यांच्यापर्यंत असा कायदा कधीं पोंचला? म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, आळींतून वीसजण निघाले तर त्यांतल्या दोन जागा अशा एखाद्या घरास द्याव्या, आणि तो खर्च बाकीच्या अठरांनीं गाजावाजा न करतां वांटून घ्यावा.

ऋण काढून सण करण्याची आपली खोड सुटींतहि शिरली आहे. शेजाऱ्यानें परदेशचीं छायाचित्रें दाखविलीं कीं आपणहि हप्त्यांवर विमान गांठतों, आणि आठ दिवसांची हौस दोन वर्षें फेडीत बसतों. एस्. टी. ची गाडी मात्र आपल्या प्रतिष्ठेंत बसत नाहीं! वास्तविक हिशेब पाहा. राज्यांतल्या राज्यांत ७५ वर्षें पुरीं केलेल्या वृद्धांस २०२२ च्या ऑगस्टपासून एस्. टी. नें विनामूल्य जातां येतें, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत. पंचाहत्तरी उलटलेली आजी, आई, दोन मुली व बाप असें घर निघालें तर पुरें तिकीट एकट्या बापाचें. आगगाडीचें आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीं उघडतें. तेवढी तारीख सांभाळली म्हणजे आयत्या वेळीं धांवाधांव करण्याची पाळी येत नाहीं. मोटारीपेक्षां बस अधिक तेल जाळते खरी, पण तें चाळीसजणांत वांटलें जातें. मोटारींत तें तिघांच्या वांट्यास येतें, आणि धूर मात्र सर्वांच्या.

आतां जावें कोठें? मला विचाराल तर मी प्रथम वेळासचें नांव घेईन. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील हें समुद्रकांठचें खेडें नाना फडणविसांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें रात्रीं येथील वाळूंत येऊन एकेका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतात. पूर्वीं तीं अंडीं माणसें आणि कोल्हींकुत्रीं मिळून संपवीत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन घरटीं राखण्यास आरंभ केला. अंडीं अलगद काढून कुंपणाच्या आंत तशाच खोलीच्या खड्ड्यांत ठेवावयाचीं, सुमारें पन्नास दिवस राखण करावयाची, आणि पिल्लें वर आलीं कीं सकाळीं किंवा सायंकाळीं समुद्राच्या दिशेनें सोडावयाचीं, असा हा क्रम. पुढें तें पाहण्यास लोक येऊं लागले, तेव्हां गांवकऱ्यांनीं आपल्या घरांचे दरवाजे उघडले. पाहुण्यानें ओटीवर किंवा माजघरांत पथारी पसरावी, घरची बाई वाढील तें खावें, आणि पैसे तिच्याच हातांत द्यावे. कायद्याचें संरक्षण कांसवाला आधींपासून होतेंच, तरीहि अंडीं जात होतीं. गांवाची चूल कांसवाच्या जिवावर पेटूं लागली तेव्हां राखण करणारे हात वाढले. तेथें जाण्यास मंडणगडाहून बस आहे. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांस बागमांडल्याहून वेसवीस तरींतून बाणकोटची खाडी ओलांडतां येते. पिल्लांवर दिव्याचा झोत टाकूं नये, तीं उजेडाच्या मागें लागून वाट चुकतात.

हेंच चांगलें काम गर्दीनें कसें बिघडतें, तें अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याच्या बाजूस दिसतें. मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत तेथील झाडें काजव्यांनीं लखलखतात. पुरुषवाडीसारख्या गांवीं घरांत उतरून, अंधारांत पायीं हिंडून तो देखावा पाहतां येतो. परंतु शनिवारच्या रात्रीं मोटारींची रांग लागते, पुढचे दिवे जळत असतात, आणि जोडीदारास खूण करणाऱ्या त्या किड्याचा इवलासा उजेड त्यांत बुडून जातो. जमिनीलगतच्या झुडपांतील काजवे पायांखालीं येतात ते निराळेच. जें पाहण्यास गेलों तेंच आपण विझवून आलों, तर त्या सुटीस काय म्हणावें? अशा ठिकाणीं शनिवार-रविवार टाळून जाणें हेंच शहाणपण. भाडेंहि कमी पडतें.

माथेरानचा प्रश्न निराळा आहे. तेथें मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. १९०७ पासून नेरळची छोटी आगगाडी वर जाते. २००३ सालीं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. हवा स्वच्छ खरी. पण त्याच तांबड्या वाटेवर मनुष्यानें मनुष्यास ओढण्याची हातरिक्षा चालत आली. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांस विजेवरच्या रिक्षा देण्याचा आदेश दिला. धूर नाहीं एवढ्यावरून सुटी निर्दोष ठरत नाहीं. धाप कोणास लागते, तेंहि पाहिलें पाहिजे.

पाण्याविषयीं आपणांस अधिक सांगण्याचें कारण नाहीं. बावखलें बुजल्यावर विहिरींचें काय होतें हें वसईस ठाऊक आहे. कोंकणांतील पुष्कळ विहिरी एप्रिल-मे महिन्यांत तळ गांठतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण तेथें जाऊन पोंचतों. तेव्हां यजमानीणबाईनें एक बादली दिली तर दुसरी मागूं नये. तिला ती कोठून आणावी लागली हें आपण पाहिलेलें नसतें. आणि आपल्याबरोबर नेलेलें प्लास्टिक आपल्याच पिशवींतून परत आणावें. खेड्यांत तें नेणारी गाडी बहुधा नसते.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. वेळासास जाणाऱ्यांनीं घरटीं केव्हां फुटणार ह्याची गांवांत चौकशी करून मगच तिकिटें काढावीं. कांसवाचें पिल्लूं आपल्या रजेची तारीख पाहून बाहेर येत नाहीं. एवढें करूनहि एखादे वेळीं पिल्लें दिसलीं नाहींत, तर त्या कारणावरून यजमानांशीं घासाघीस करूं नये. जेवण त्यांनीं रांधलेलें असतें.