पथक कोणाचे?

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



शाळेत स्काउट-गाईडचे पथक चालविणारे दोन शिक्षक एकत्र आले की थोड्याच वेळात त्यांच्यात वाद सुरू होतो, आणि त्याचा प्रारंभ बहुधा गणवेशापासून होतो. एकाचे म्हणणे असे की, स्कार्फ नीट बांधलेला नसेल तर ते पथक कसले? दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या मुलाच्या घरी गणवेशापुरते पैसे नाहीत त्याने काय कुंपणाबाहेर उभे राहून पाहावयाचे? तेथून वाद संचलनावर जातो, शिबिराच्या खर्चावर जातो, पुरस्कारांच्या नोंदवह्यांवर जातो. दोन्ही बाजूंची माणसे भली असतात. शाळा सुटल्यानंतरचा आपला वेळ ती विनामोबदला खर्च करीत असतात; आणि ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, त्याविषयीचा आग्रह अधिक तीव्र असतो.

म्हणून अशा वादाला केवळ भांडण समजून बाजूस सारणे योग्य नव्हे. ज्या चळवळीला आपल्याकडे पूर्वी बालवीर चळवळ म्हणत असत, तिच्या शंभरांहून अधिक वर्षांच्या इतिहासात प्रौढ कार्यकर्त्यांचे असे वाद वारंवार झालेले आहेत. ते कशावरून झाले व त्यांतून काय निष्पन्न झाले, हे पाहिले तर खेड्यातील लहानशा शाळेच्या पथकालाही वाट सापडण्यासारखी आहे.

ह्या चळवळीचा उगम सर्वश्रुत आहे. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल ह्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या निवासी शाळांतील होती, तर काही सामान्य श्रमिक कुटुंबांतील होती. त्या सर्वांची सरमिसळ करून चार संघ पाडण्यात आले. संघांना लांडगा, बैल अशी पशुपक्ष्यांची नावे देण्यात आली आणि प्रत्येक संघाला मुलांमधूनच एक नायक नेमण्यात आला. पुढील वर्षी, म्हणजे १९०८ साली, बेडन-पॉवेल ह्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पंधरवड्याला एक ह्याप्रमाणे लहान लहान भागांत प्रसिद्ध होऊ लागले. त्यानंतर जे घडले ते प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ठिकठिकाणच्या मुलांनी खाऊच्या पैशांतून ते भाग विकत घेतले, आपापसांत संघ बनविले, काठ्या मिळविल्या आणि मग आपले पथक चालविण्यासाठी एखादा प्रौढ मनुष्य मिळतो काय, ह्याचा शोध सुरू केला. मुले आधी आली, प्रौढ मागाहून आले. पुढे प्रौढांची संख्या वाढली, समित्या झाल्या, कार्यालये झाली, आणि हा मूळचा क्रम पुष्कळांच्या विस्मरणात गेला. नंतरच्या बहुतेक वादांचे मूळ ह्या विस्मरणात आहे.

पहिला मोठा वाद कवायतीचा. इंग्लंडमधील प्रारंभीच्या पदाधिकाऱ्यांत सैन्यातील आजीमाजी अधिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. बेडन-पॉवेल ह्यांना स्वतःला मुलांची लष्करी कवायत फारशी पसंत नव्हती. तीमुळे मुलाची स्वतंत्र बुद्धी मंदावते असे त्यांचे मत होते. तथापि अनेक पथकांत रांगा, सलामी व हुकूम ह्यांनाच महत्त्व येऊ लागले. लंडनचे आयुक्त सर फ्रान्सिस व्हेन ह्यांनी ह्या लष्करी वळणास उघड विरोध केला. मुलांना शांततेचे नागरिक बनवावयाचे आहे, लहान शिपाई नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९०९ च्या अखेरीस त्यांना पद सोडावे लागले. लंडनमधील पुष्कळ स्काउट मास्तर त्यांच्या बाजूचे होते, आणि चळवळीत फूट पडली. अमेरिकेत अर्नेस्ट टॉम्पसन सेटन ह्या निसर्गलेखकाने १९०२ पासूनच मुलांना रानविद्या शिकविण्यास प्रारंभ केला होता. तोही तेथील स्काउट संस्थेच्या नेतृत्वातून १९१५ साली दूर झाला. संस्थेला लागलेले लष्करी वळण हे त्याच्या नाराजीचे एक कारण होते.

ह्या व्हेन ह्यांची आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९१६ साली डब्लिन शहरात उठाव झाला, तेव्हा ते ब्रिटिश सैन्यात मेजर होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन ह्या निःशस्त्र शांततावादी पत्रकाराला चौकशीवाचून गोळ्या घालविल्या. ते प्रकरण दडपले जात आहे असे दिसताच व्हेन लंडनला गेले आणि त्यांनी ते वरिष्ठांच्या कानी घातले. त्याची किंमत त्यांना आपल्या लष्करी कारकिर्दीने मोजावी लागली. कवायतीला विरोध करणारा मनुष्य शिस्तीचा शत्रू असतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. खरी शिस्त प्रसंगी हुकुमाविरुद्धही उभी राहते, आणि ती रांगेत उभे करून शिकविता येत नाही.

दुसरा वाद अधिक खोल होता, आणि तो आजही मिटलेला नाही. पथकात निर्णय कोणी करावयाचा? पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत काम करणारे रोलंड फिलिप्स हे तरुण आयुक्त संघपद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा मुलांपैकीच एक नायक, आणि सर्व संघनायकांची मिळून एक सभा, अशी ही रचना होय. कार्यक्रम कोणता घ्यावयाचा, कोणाचे काय चुकले, वर्गणीचा विनियोग कसा करावयाचा, हे ती सभा ठरविते. स्काउट मास्तर तेथे सल्लागार असतो. पुष्कळ स्काउट मास्तरांना हे पटत नसे. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना सभा कसली कळते, त्यापेक्षा आपणच सांगितले तर काम लवकर व नीटनेटके होते, असे त्यांचे म्हणणे असे. फिलिप्स ह्यांचे उत्तर असे होते की, नायकाला अधिकार दिल्यावाचून तो नायक होत नाही. तो नुसता निरोप्या राहतो. १९१६ च्या जुलैमध्ये फिलिप्स पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांनी संघपद्धतीवर लिहिलेले पुस्तक मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या स्काउट मास्तरांच्या हाती राहिले.

तिसरा वाद पथकात कोणाला घ्यावयाचे, हा होता. १९०९ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे भरलेल्या मेळाव्यात काही मुली स्वतःच गणवेश करून हजर झाल्या. त्यांना काय म्हणावे हे प्रौढांना समजेना. पुढील वर्षी त्यांच्यासाठी गाईड संस्था निघाली. हिंदुस्थानात स्काउटचे पहिले पथक १९०९ सालीच बंगळूर येथे निघाले, परंतु ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. हिंदी मुलांना तेथे प्रवेश नव्हता. हिंदी कार्यकर्ते केवळ अर्ज करीत बसले नाहीत. ॲनी बेझंट ह्यांनी मद्रासकडे हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांनी १९१८ साली अलाहाबाद येथे सेवासमितीची स्काउट संघटना स्थापिली. तिने जत्रामेळ्यांतील यात्रेकरूंच्या सेवेलाच स्काउटचे काम मानले. ह्या संस्थांच्या वडीलधाऱ्यांत एकत्र येण्याविषयी मतभेद दीर्घकाळ चालू राहिले. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील स्काउट संघटना ‘भारत स्काउट्स’मध्ये एकवटल्या, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही त्यांत सामील झाल्यावर आजची ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही संस्था पूर्ण झाली. आपल्या शाळांतील पथके ह्याच संस्थेशी संलग्न आहेत. गणवेश नाही म्हणून एखादे मूल पथकाबाहेर ठेवण्यापूर्वी, ही चळवळ आपल्या देशात मुळी बंद दरवाज्यातून वाट काढून आलेली आहे, ह्याचे स्मरण ठेवणे इष्ट होय.

चौथा वाद अमेरिकेतील आहे, आणि त्यात प्रौढांच्या सदिच्छेचेच नुकसान झालेले दिसते. १९७२ साली तेथील संस्थेने काळाला अनुसरून अभ्यासक्रम बदलला. शहरातील मुलांना रानात जाणे कोठले, अशा विचाराने रानातील मुक्काम, स्वयंपाक, वाट शोधणे ह्यांचे महत्त्व कमी केले. एकही मुक्काम न करता सर्वोच्च पदापर्यंत पोहोचणे शक्य झाले. हेतू वाईट नव्हता. परंतु त्या दशकात मुलांची संख्या घटत गेली. तिला अन्य कारणेही होती. तरी ज्या साहसासाठी मुले येत असत तेच पथकातून नाहीसे झाले, हे जुन्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले. त्यांपैकी विल्यम हिलकोर्ट हे निवृत्त झालेले होते. ते पुन्हा पुढे आले, त्यांनी मुलांसाठी नवी पुस्तिका लिहिली, आणि १९७९ साली ती प्रसिद्ध होताच रानवाटेला व संघाला त्यांचे स्थान परत मिळाले.

ह्या चारही वादांत प्रौढांनी परस्परांना पुष्कळ युक्तिवाद ऐकविले. तथापि निकाल लागला तो मुलांकडे पाहिल्यावर. मुलाच्या हातात खरे काम पडते काय, हीच त्याची कसोटी होती. आपल्या शाळेतील वादालाही हीच कसोटी लावून पाहावी.

असे समजा की, एखाद्या गावच्या शाळेचे चोवीस मुलामुलींचे पथक एक दिवसाच्या शिबिरासाठी ओढ्याकाठी गेले आहे. आठ आठ जणांचे तीन संघ आहेत आणि खिचडीचा बेत आहे. एका संघाची चूल पेटत नाही, कारण सरपण ओले आहे. धुराने डोळे चोळीत संघनायक शिक्षकाकडे पाहतो. अशा वेळी शिक्षकाचा हात आपोआप फुंकणीकडे जातो. तो चूल पेटवितो, पळी हाती घेतो, बारा वाजता सर्वांना गरम जेवण मिळते, छायाचित्रे चांगली येतात आणि अहवाल पूर्ण होतो. सर्व काही यथासांग झाले; फक्त मुले काही शिकली नाहीत. तोच शिक्षक दोन पावले दूर उभा राहिला असता, तर जेवण दोन वाजता मिळाले असते, तळाशी करपलेही असते. परंतु सायंकाळच्या नायकांच्या सभेत त्या मुलाने स्वतःच म्हटले असते की, पुढील खेपेस सरपण आदल्या दिवशी गोळा करून झाकून ठेवावयाचे. हे वाक्य मुलाच्या तोंडून यावे ह्यासाठीच शिबिर असते.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. मूल पाण्यात पडले, विस्तवाने भाजले, तर पालक संघनायकाला विचारणार नाहीत, शिक्षकाला विचारतील. म्हणून मुलांची सुरक्षितता हा विषय कोणत्याही सभेच्या मतावर सोडावयाचा नाही. पाणी, विस्तव, रस्ता, औषधाची पेटी आणि दर तासाची गणती, ह्या पाच गोष्टी शिक्षकाच्याच हाती राहिल्या पाहिजेत. त्यांविषयीचा त्याचा शब्द अखेरचा. मात्र सुरक्षिततेचे नाव पुढे करून खिचडीत मीठ किती घालावयाचे, हेही शिक्षकानेच ठरवू लागणे योग्य नव्हे. कोणते निर्णय आपले व कोणते मुलांचे, ह्याची यादी शिबिरापूर्वीच नायकांना वाचून दाखविली, तर पुष्कळ गोंधळ टळतो.

दुसरी गोष्ट नायक निवडण्याची. वर्गात पहिला येणारा मुलगा नायक, ही प्रथा सोयीची खरी. परंतु रानवाटेवर निराळेच गुण उपयोगी पडतात. धनगराच्या मुलाला पाऊलखुणांवरून जनावर ओळखता येते. पहाटे पाणी भरून शाळेत येणाऱ्या मुलीला दहा माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज असतो. वर्गात ही मुले मागच्या रांगेत बसतात. पथकातही त्यांना मागेच बसविले, तर पथक म्हणजे त्याच वर्गाची गणवेश घातलेली आवृत्ती ठरेल. संघातील मुलांनी विचारविनिमय करून नाव सुचवावे आणि शिक्षकाने त्यास संमती द्यावी, एवढी मोकळीक दिली की मुले योग्य माणूस बहुधा शोधून काढतात.

तिसरी गोष्ट संचलनाची. स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी पथकाने नीट रांगेत चालावे, हे योग्यच आहे. त्यात ग्रामस्थांना आनंद असतो आणि मुलांनाही अभिमान वाटतो. परंतु वर्षात पथक त्या दोन दिवशीच दिसत असेल, तर त्याने समारंभाची शोभा वाढविली एवढेच म्हणता येईल. आठवड्यातून एक तास, महिन्यातून एक भ्रमंती आणि सत्रातून एक शिबिर, एवढे लहान प्रमाण धरले तरी शाळेच्या अन्य कामांना धक्का न लागता ते निभावते. त्यासाठी दोर, काठ्या, दोन पातेली व एक वही पुरे होते. गणवेश हळूहळू जमवावा. स्कार्फपासून प्रारंभ केला तरी चालतो.

शिक्षकांचे वाद पुढेही होतील, आणि ते व्हावेत. वाद करावयास कोणी उरला नाही, तर पथकाची काळजी वाहणाराही कोणी उरला नाही असेच समजावे. मात्र वादाच्या शेवटी एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. एखाद्या शनिवारी शिक्षकाने पथकाच्या तासाला मुद्दाम उशिरा यावे आणि व्हरांड्यात क्षणभर थांबून पाहावे. संघ जमले आहेत काय, नायकाने गाठी शिकविण्यास प्रारंभ केला आहे काय, गैरहजर मुलाची चौकशी कोणी करीत आहे काय. मुले शिक्षकाची वाट पाहत नुसती उभी असतील, तर ते पथक अद्याप शिक्षकाचे आहे. काम सुरू झालेले असेल, तर शिक्षकाने संकोच न बाळगता मागे जाऊन बसावे. त्याचे काम तेव्हा उत्तम झालेले असते.