कंपवात आणि देहाचे पहारेकरी

पावसाळा सरला म्हणजे मावळांतील झुडपांवर खाजकुइलीचे वेल चढलेले दिसतात. तिच्या शेंगांवरील कुसळें अंगास लागलीं कीं जीव नकोसा होतो. पण तिच्या बियांस आयुर्वेदानें मानाचें स्थान दिलें आहे. १९३७ सालीं दामोदरन् व रामस्वामी या मद्रासच्या रसायनज्ञांनीं त्या बियांतून लेवोडोपा हें द्रव्य वेगळें काढलें. हेंच द्रव्य पुढें कंपवातावरील मुख्य औषध ठरलें.

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्यानें १८१७ सालीं वर्णिलेल्या या रोगांत हात कांपतो, चाल मंदावते, अंग ताठरतें. मध्यमेंदूंतील काळसर पेशींचा एक पुंजका डोपामिन निर्माण करतो. त्या पेशी मरूं लागल्या कीं डोपामिन आटतें. लेवोडोपा मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामिन बनतें व रोग्यास पुन्हां घांस तोंडाशीं नेतां येतो. परंतु पेशींचें मरण त्यानें थांबत नाहीं. आटत्या विहिरींत बाहेरून घागरी ओताव्या, तसेंच हें आहे.

मग झराच राखतां येईल काय? १९८८ सालीं कॅनडांतील पॅट्रिक मॅकगीर व त्यांच्या सहकाऱ्यांस मृत रोग्यांच्या मेंदूंत, त्याच पुंजक्यांत, रक्षक पेशी चवताळलेल्या आढळल्या. २०१७ सालीं असें दिसलें कीं, कांहीं रोग्यांच्या रक्तांतील श्वेतपेशी अल्फा-सिन्यूक्लीन या स्वतःच्याच प्रथिनास शत्रु मानतात. लोहगडाच्या शिबंदीनेंच पायथ्याचें गांव लुटावें, तसा हा प्रकार!

यावर दोन मार्ग शोधले जात आहेत. पहिला, मेंदूंत सांचणाऱ्या त्या प्रथिनास पकडणारीं प्रतिपिंडें रोग्यास देण्याचा. प्रासिनेझुमॅब या अशा औषधाची ३१६ रोग्यांवर वर्षभर झालेली चाचणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मुख्य कसोटीवर लाभ दिसला नाहीं. दुसरा मार्ग, चवताळलेल्या रक्षकांस आवरणाऱ्या श्वेतपेशींचें बळ वाढविण्याचा. २०१७ सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का येथील लहानशा चाचणींत तें वाढलें. पण मूठभर रोग्यांवरून निर्णय करतां येत नाहीं. पेशी वांचविणारा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाहीं.

म्हणून ज्या घरीं असा रोगी आहे, त्या घरानें नव्या शोधाच्या वार्तेवर चालूं औषध सोडूं नये. रानांतील बियाही आपल्या मतानें देऊं नयेत. प्रत्येक बींत लेवोडोपा सारखा नसतो, आणि गोळीच्या जोडीस तो अधिक झाल्यास अंगास अनावर हिसके येऊं लागतात. वेळेवर औषध आणि झेपेल तेवढा नित्य व्यायाम, एवढें आज घरच्यांच्या हातीं आहे, व तें थोडें नाहीं.