मत्सर आणि मागणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मुभा मला दिलेली होती. संघटना, शिक्षणप्रसार, विवाहातील अनाठायी खर्च यांवर माझ्याहून अधिकारी वक्ते दरवर्षी बोलतात. मी मत्सराविषयी बोलावयाचे ठरविले आहे, कारण त्या विषयात माझा अनुभव दांडगा आहे.

आपल्या धर्मग्रंथांनी षड्रिपू सांगताना मत्सराचे नाव अगदी शेवटी घेतले आहे. आपणही ते शेवटीच घेतो, किंबहुना घेतच नाही. 'मला राग आला' असे मनुष्य चारचौघांत सांगतो. 'लोभ सुटला' हेही हसत हसत कबूल करतो. परंतु 'मला अमक्याचा मत्सर वाटला' असे सांगणारा गृहस्थ माझ्या उभ्या आयुष्यात मला भेटलेला नाही. आणि हा मत्सर दूरच्या माणसाचा वाटत नाही. कोट्यधीशाच्या महालाने आपली झोप उडत नाही; शेजारच्या चुलतभावाने घरावर एक मजला चढविला की उडते. मराठी भाषेने त्यासाठी 'भाऊबंदकी' असा स्वतंत्र शब्दच घडविला आहे! आपल्या स्मरणिकेत कोणाचे छायाचित्र केवढे छापावे यावरून कार्यकारी मंडळाच्या बैठका किती लांबतात, हे येथील अनेकांस ठाऊक आहे. असो.

माझ्या चुलतबंधूंचे घर आमच्या घरास लागूनच आहे. ते माझ्याहून दोन वर्षांनी वडील, व्यवसाय शेतीचा. सन १९९४ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा आणि माझा मुलगा माझ्याच वर्गात चौथीला होते. शिष्यवृत्तीची परीक्षा त्या काळी चौथीला असे. मी निवडक मुलांचा जादा वर्ग घेत असे व त्यात हे दोघेही होते. माझा मुलगा बेताचा. पुतण्याची बुद्धी मात्र अशी, की फळ्यावर गणित मांडून होण्यापूर्वीच त्याचा हात वर जाई. दुसरा कोणताही विद्यार्थी असा निघता तर मी घरोघर त्याचे कौतुक सांगत फिरलो असतो. याच्या बाबतीत मात्र माझ्या तोंडून 'शाबास' एवढा शब्दही निघेना.

त्या मुलाची एक चूक वारंवार होई. अपूर्णांकांची बेरीज करताना तो अंशात अंश मिळवी आणि छेदातही छेद मिळवी. सराव परीक्षेच्या तीन उत्तरपत्रिकांत ही एकच चूक मी पाहिली. प्रत्येक वेळी गुण कापले, लाल रेघ ओढली, आणि वही परत दिली. त्यास जवळ बोलावून समजावून दिले नाही. यास पाच मिनिटे लागली असती. वेळ नव्हता, असे मी मनाशी म्हणत होतो. पण त्याच संध्याकाळी माझ्या मुलास तेच प्रकरण मी तासभर शिकविले होते. बंधूंनो, शिक्षकाच्या हातून यापेक्षा मोठा अपराध कोणता होऊ शकेल, हे मला सांगता येत नाही.

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेत पसायदान म्हणत असत. ज्ञानेश्वरमहाराजांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे गीतेवरील टीका पूर्ण करून अखेरीस विश्वात्मक देवाकडे जे मागितले ते हे पसायदान. ज्या लेकरांना लोकांनी संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकले, त्यांतील एकाने एवढा ग्रंथ सिद्ध केल्यावर देवाजवळ स्वतःकरिता काहीच मागू नये, हे मी मुलांना दरवर्षी शिकवीत होतो. त्यात एक मागणे असे आहे, की ज्यास ज्याची इच्छा असेल ते त्यास लाभावे. इतकी वर्षे हे मी रोज म्हणत होतो. एके दिवशी त्याच ठिकाणी माझी दृष्टी पहिल्या रांगेतील पुतण्यावर गेली. तो डोळे मिटून, हात जोडून, खड्या सुरात म्हणत होता. ज्याच्या इच्छेच्या आड मी उभा होतो, त्याच्याच समोर उभा राहून त्याला ते लाभावे असे मी देवाजवळ मागत होतो! माझा स्वर थांबला. मुलांनी प्रार्थना तशीच पुढे नेली.

त्या दिवशी मधल्या सुटीत मी त्यास अपूर्णांक समजावून दिले. पाच मिनिटेही लागली नाहीत.

येथे माझा मत्सर संपला, असे सांगितले तर ते कीर्तनातील आख्यान होईल. आख्यानात वाघोलीचे रामेश्वरभट्ट तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावतात आणि पुढे पश्चात्ताप पावून त्यांच्या पायांवर मस्तक ठेवतात. तुकोबांची जी आरती आपण म्हणतो, तिच्या शेवटी नाव या रामेश्वराचेच येते. एवढे परिवर्तन माझ्या वाट्यास आले नाही. पुतण्यास शिष्यवृत्ती मिळाली आणि वहिनी पेढे घेऊन आल्या, तेव्हा तो पेढा माझ्या घशाखाली उतरता उतरेना. परंतु मी एक नेम धरला होता. सायंकाळी देवापुढे बसल्यावर प्रथम त्या मुलाचे नाव घ्यावयाचे आणि त्याचे भले मागावयाचे. पहिले कित्येक महिने हे मागणे खोटे होते. ओठ मागत आणि मन नको म्हणे. तेव्हा मी देवास तेही सांगू लागलो: 'देवा, मला हे मनापासून मागता येत नाही, तूच मागवून घे.' माझ्या समजुतीप्रमाणे ईश्वराचे बळ मला लाभले ते एवढेच, की खोटे वाटत असतानाही दुसऱ्या दिवशी पुन्हा आसनावर बसता आले. खोटेपणा केव्हा गेला, ते मला कळलेही नाही. सातवीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी निकाल पाहण्यासाठी मीच तालुक्याच्या गावी सायकल हाणली होती, इतके स्मरते.

ही हकीकत मी पुष्कळ वर्षे कोणाजवळ बोललो नव्हतो. सेवानिवृत्त झालो त्या वर्षी एका संध्याकाळी बंधूंच्या ओट्यावर बसलो असता धीर करून सर्व सांगितले; त्या तीन उत्तरपत्रिकांसह. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, महिना भरला की तुझा पगार यायचा. इकडे पाऊस चुकला की मी आभाळाकडे पाहायचो आणि मग तुझ्या घराकडे पाहायचो. तुझी बदली लांब कुठेतरी व्हावी म्हणून मी देवाला नारळ बोलून ठेवला होता."

मी विचारले, "मग फोडलास का, दादा?"

"बदली कुठे झाली तुझी?" ते म्हणाले.

इतक्यात वहिनींनी चहा आणला, आणि आम्ही दोघे कशास हसत आहोत, ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.