चाकांवरचे घर आणि मागची गल्ली



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा 'टास्मानियातला प्रवास' असे सांगून मी मोकळा झालो. प्रवासवर्णन सोपे, असा माझा समज होता. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की तिथले डोंगर, समुद्र आणि वॉम्बॅट तुम्ही नातवंडांच्या मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगले पाहिले आहेत. मी तिथे जे शिकलो ते एका प्लॅस्टिकच्या पेटीबद्दल आहे, आणि ती पेटी संडासाची आहे. व्यासपीठावरून हा विषय काढतो आहे, क्षमा असावी.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट, आकाराने आपल्या गुजरातच्या साधारण एक तृतीयांश. वस्ती मात्र सहा लाखांच्याही आत; आपल्या एकट्या बडोद्यात त्याहून कितीतरी जास्त माणसे राहतात. मुलगा मेलबर्नला असतो. त्याने सुचवले, हॉटेलांत पैसे घालवण्यापेक्षा मोटरहोम भाड्याने घ्या. ऑस्ट्रेलियात आमच्या वयाची असंख्य जोडपी घराला कुलूप लावून अशा गाड्यांतून महिनोन्‌महिने देशभर फिरतात. त्यांना तिथे 'ग्रे नोमॅड्स' म्हणतात, म्हणजे पिकल्या केसांचे भटके. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते, त्यामुळे ती धास्ती नव्हती. होबार्टला विमानतळाजवळ गाडी ताब्यात घेतली. लांबी सहा मीटर. आत बिछाना, दोन शेगड्या, फ्रिज, मोरी आणि कपाटाएवढा संडास. सौभाग्यवतींनी एकदा आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "आपल्या देवघराच्या खोलीएवढं आहे की!"

मी पस्तीस वर्षे शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्यात काढली. आत किती आले आणि बाहेर किती गेले, हा हिशेब जुळवणे हेच माझे काम. गाडीत चालकाच्या मागे एक छोटा फलक होता: चांगल्या पाण्याची टाकी किती भरली, सांडपाण्याची किती, बॅटरी किती. तो पाहून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगल्या पाण्याचा काटा शून्यावर आला. टाकी ऐंशी लिटरची होती आणि माणसे दोन! कारण उघड होते. मी नळ सुरू ठेवून दाढी केली होती आणि घरच्यासारखी अंघोळ केली होती. त्या दिवसापासून पाण्याचे खाते हिच्याकडे गेले. "अहो, तांब्याने घ्या." तांब्या नव्हता, म्हणून स्टीलचा पेला. तांदूळ धुतलेले पाणी खरकट्या भांड्यांना, भांडी पुसून मग धुवायची. माझ्या आजीच्या वाड्यातली सगळी रीत हिने दोन दिवसांत परत आणली, आणि तेवढेच पाणी अडीच दिवस पुरू लागले. कारखान्याचा हिशेब मी दशांश चिन्हापर्यंत जुळवत होतो. माझ्या घरात दिवसाला किती पाणी लागते, हे मात्र मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी समजले.

आता पेटी. मोटरहोमच्या संडासाखाली सुटकेससारखी एक टाकी सरकवलेली असते. तिला कॅसेट म्हणतात. ती भरली की गाडीच्या बाहेरच्या बाजूचे दार उघडून ओढून काढायची, तळावर ठरवून दिलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची आणि निळे औषध घालून परत बसवायची. गाडी देणाऱ्या मुलीने हे हसतमुखाने दाखवले. आम्हीही हसून मान डोलावली आणि त्यावर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. ती भरूच नये म्हणून दोघेही गुपचूप तळावरच्या सार्वजनिक संडासात जात होतो. पण तिकडे रात्री गारठा असतो, आणि या वयात रात्री उठावे लागते. तिसऱ्या सकाळी लाल दिवा लागला.

मी चहाचा कप हातात घेऊन बाहेर डोंगर बघत राहिलो. ही म्हणाली, "मुलांची दुपटी मी धुतली. आईंचं शेवटची दोन वर्षं सगळं मी केलं. हे तुमचं." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी उठलो.

तिथे एक पंचाहत्तरीचे गृहस्थ आपली कॅसेट चाकांवर ओढत येत होते. कुणी नातवाला शाळेत सोडायला निघावे इतक्या सहजपणे. माझा चेहरा पाहून त्यांनी न विचारता शिकवले: तोंड फिरवून बाहेर घे, झाकण काढ, ओतताना हे बटण दाबून ठेव म्हणजे हवा आत जाते आणि शिंतोडे उडत नाहीत. पाच मिनिटांचे काम. मी साबणाने तीनदा हात धुतले आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिलो.

तुमच्यापैकी जे मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या वाड्यांत वाढले, त्यांना मी कुठे बसलो होतो ते कळेल. मी आमच्या मागच्या गल्लीत बसलो होतो. तिथे संडासाच्या खाली पत्र्याची झडप होती. रोज सकाळी एक बाई येई, झडप उघडी, काम करी आणि डोक्यावर घेऊन जाई. मी सात-आठ वर्षांचा असेन. ती आली की आई आम्हाला आत बोलवायची. मी तिला कधी समोरून पाहिलेले नाही. आवाज ऐकला आहे आणि चाललेली पाठ पाहिली आहे.

त्याच दिवशी आम्ही क्वीन्सटाउनला पोचलो. तांब्याच्या खाणीचे गाव. रस्ता वळणावळणांनी उतरतो आणि समोर उघडेबोडके डोंगर, पिवळट, तांबूस. भट्ट्यांसाठी झाडे तोडली, भट्ट्यांतल्या गंधकाच्या धुराने उरलेली जाळली, आणि तिथल्या धो धो पावसाने मातीही वाहून नेली. खाणीचा गाळ कित्येक दशके, थेट १९९४ पर्यंत, सरळ क्वीन नदीत सोडत होते. तो किंग नदीतून मॅक्वारी खाडीत गेला. पर्यटक त्या डोंगरांचे फोटो काढतात. सुंदर दिसतात, हे खरेच. मला मात्र आमच्या कारखान्यांचे पाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी नाली आठवली. तिच्या आकड्यांवर मी सह्या केल्या आहेत. नियमात बसणारे आकडे होते, तरी त्या रात्री झोप नीट लागली नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मजेत गेले. क्रेडल पर्वताखाली वॉम्बॅट आमच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होता. त्याची लीद चौकोनी असते, हे ऐकून हिला माझ्या पेटीची आठवण झाली. अंधार पडला की गाडी हाकायची नाही, कारण रस्त्यावर प्राणी येतात. त्यामुळे साडेसातला खिचडी आणि नऊला झोप. उत्तर किनाऱ्यावर अल्व्हरस्टनच्या आतल्या बाजूला कॅस्ट्रा म्हणून भाग आहे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले काही अधिकारी एकोणिसाव्या शतकात शेती करायला तिथे गेले होते. इकडे पंख्याची दोरी ओढायलासुद्धा माणूस ठेवणाऱ्या त्या साहेबांचे तिकडच्या जंगलात कसे निभले असेल, यावर आमचा एक अख्खा रस्ता गेला. कॅसेट एव्हाना दर दोन-तीन दिवसांनी मीच नेत होतो. कुणी नवखा दिसला तर बटणाचे सांगतही होतो.

पूर्व किनाऱ्यावरून डोंगर चढून आम्ही कॅम्पबेल टाउनला आलो. रस्त्यावरचे लहानसे गाव. चहाला थांबलो आणि खाली पाहिले तर फुटपाथच्या विटांवर अक्षरे. एकेका विटेवर एकेका कैद्याचे नाव, वय, त्याचे जहाज, गुन्हा आणि शिक्षा. १८०३ ते १८५३ या काळात ब्रिटनने सत्तर हजारांवर कैदी या बेटावर पाठवले. गावातला १८३८ चा लाल विटांचा पूल त्यांनीच बांधला आणि तो आजही वाहतूक पेलतो. गुन्हे पाहिले तर कितीतरी किरकोळ चोऱ्यांचे. शिक्षा सात वर्षे, चौदा वर्षे, जन्मभर. पुढे या कैद्यांची मुले-नातवंडे आपले मूळ लपवत राहिली. घराण्यावरचा डाग म्हणून त्याबद्दल घरात बोलणे नव्हते. आता तीच मंडळी पूर्वजांची नावे हौसेने शोधतात. ज्यांच्या जमिनीवर हे सगळे उभे राहिले त्या मूळ लोकांच्या विटा मला तिथे दिसल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आम्ही खाली वाकून वाचत चाललो होतो. हिचे गुडघे दुखतात, पण ती एकेका विटेपाशी थांबत होती. मधेच तिने विचारले, "तुमच्या मागच्या गल्लीत यायची, तिचं नाव काय होतं?" पायरीवरची गोष्ट मी तिला सांगितली होती.

बडोद्याला परत आल्यावर आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीच्या घरात आहे, स्मरणशक्ती शाबूत. तिने सांगितले की बाई उंच होती, हातात कथलाच्या बांगड्या असत. रात्रीची उरलेली पोळी तिच्या पदरात वरून टाकत. दिवाळीला जुने लुगडे देत. एका पावसाळ्यात ती आठवडाभर आली नाही तेव्हा वाड्यात हाहाकार झाला होता, आणि मग तिच्याऐवजी तिची मुलगी येऊ लागली. मुलगी माझ्याच वयाची असावी. इतके सगळे आठवले. नाव म्हणताच आत्या गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आम्ही 'आली रे' असंच म्हणायचो."

आमच्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. नगरपालिकेच्या जुन्या कागदांत सफाई कामगारांची हजेरी मिळेल का, ते पाहतो आहे. दोन खेपा झाल्या, तिसरीला या आठवड्यात जाणार आहे. आज या सभागृहात त्या भागातली आठ-दहा तरी जुनी घराणी बसलेली मला दिसत आहेत. १९६० च्या आसपास त्या गल्ल्यांत काम करणाऱ्या एकीचे जरी नाव कुणाला, कुणाच्या आईला, आजीला आठवत असेल, तर कृपा करून सांगा. मी वही आणली आहे आणि व्याख्यान संपल्यावर दाराशी थांबतो आहे.