शिक्षकाचे ओझे आणि समाजाचे कर्तव्य

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)





मंडळाने आम्हाला विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास सांगितले. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे; मार्गदर्शन करण्याएवढा आमचा अधिकार मोठा नाही. परंतु आज ज्या मुलामुलींचा सत्कार होत आहे, त्यांच्यामागे कोणीतरी शिक्षक उभा आहे. हार विद्यार्थ्याला मिळाला, पेढा पालकांनी वाटला, आणि त्या शिक्षकाचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. म्हणून आज आम्ही शिक्षकाविषयी बोलणार आहोत. समाज त्याच्याकडे कसा पाहतो, त्याच्या डोक्यावर ओझे कोणते आहे, आणि आपण बौद्ध समाजाने त्याच्याशी कसे वागावे, असे तीन मुद्दे आहेत.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजाचे शिक्षकाशी नाते साधे नाही. महाभारतातील एकलव्याचा अंगठा आपल्याला ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा 'गुरू म्हणजे देव' हे वचन आपल्या गळी सहज उतरत नाही, आणि उतरूही नये. पण दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकर गुरुजीच. वेगळे बसवणारी शाळा एक होती आणि बुद्ध हाती देणारा शिक्षकही एक होता. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत.

शिक्षकाविषयीचे जनमत नेहमीच बरोबर असते असेही नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला. त्या दुसरे लुगडे बरोबर घेऊन जात. त्या काळचे 'लोकमत' ते होते! बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्वत्तेने विद्यार्थी जिंकले गेले, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिऊ नये असे म्हणणारे सहकारी तेथे निघालेच. म्हणजे आपला महामानव स्वतःही शिक्षक होता, आणि शिक्षकाचा अपमान काय असतो हे त्याने सोसले होते.

आता आजचे बोलू. आपल्या वस्तीत पूर्वी 'मास्तर' या शब्दाला वजन होते. घरातला पहिला पगारदार बहुधा मास्तरच असे. पत्र वाचायला, अर्ज लिहायला, सोयरीक जुळवायला लोक मास्तरांकडे जात. आज त्याच मास्तरांविषयी काय बोलले जाते? 'दोन महिने सुट्टी, फुकटचा पगार.' 'ज्याला काही जमत नाही तो मास्तर होतो.' 'सरकारी शाळेत शिकवतात कुठे?' हे बोलणारे परके नाहीत, आपणच आहोत.

२०२४ च्या मे महिन्यातील गोष्ट. बँकेत रांगेत उभ्या असलेल्या एका गुरुजींना मागच्या गृहस्थांनी हटकले, "काय गुरुजी, मजा आहे तुमची, सुट्टी लागली!" गुरुजी म्हणाले, "हो, उद्या इलेक्शनचे ट्रेनिंग, परवा मशीन ताब्यात घ्यायचे, तेरवा मतदान. मग मजाच आहे." रांगेत हशा पिकला. आम्हीही हसलो, कारण बँकवाल्यांनाही हे ऐकावे लागते. चार वाजता व्यवहार बंद झाला की लोकांना वाटते, हे घरी निघाले! आतला हिशोब कोणाला दिसत नाही. शिक्षकाचेही तसेच आहे. उन्हाळी सुट्टी सर्वांच्या डोळ्यावर येते. परंतु त्या सुट्टीमुळेच इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा त्याला मिळत नाही, हे कोणी सांगत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका या तीन कामांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय चालते? पोषण आहाराचा तांदूळ मोजा, खिचडीचा हिशोब ठेवा, ऑनलाइन माहिती भरा, फोटो काढून पाठवा, आधार जुळवा. २०२० साली कोरोना आला तेव्हा हेच शिक्षक घरोघर फिरून सर्वेक्षण करीत होते आणि नाक्यावर पहाराही देत होते.

एक गोष्ट आम्ही काउंटरवरून रोज पाहतो. आपल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी मुलीचे खाते लागते, खात्याला आधार लागते. दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे; कुठे वडिलांचे नाव चुकलेले, कुठे जन्मतारीख. ही दुरुस्ती करायला पालकाला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, म्हणून तो येत नाही. मग बाई चार मुलींची कागदपत्रे पिशवीत घालून येतात आणि रांगेत उभ्या राहतात. तेवढा वेळ त्यांचा वर्ग शेजारच्या वर्गात मिसळलेला असतो. शिष्यवृत्ती जमा झाल्याचे आपल्याला कळते. बाईंच्या दोन दिवसांच्या हेलपाट्याचे आपल्याला कळत नाही. त्या दोन दिवसांचा तास बुडतो तोही आपल्याच मुलींचा. तेव्हा हे ओझे एकट्या शिक्षकाचे आहे असे समजू नका.

पगाराविषयीही गैरसमज मोठा आहे. पूर्ण वेतनश्रेणीवरील ज्येष्ठ शिक्षक आपल्याला दिसतो आणि सर्वच शिक्षक तसे आहेत असे आपण धरून चालतो. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षकाने तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधनावर काम करायचे, अशी ती सुरुवात होती. ते मानधन २०२३ पासून १६,००० झाले. त्यात खोलीचे भाडे, दुचाकीचे पेट्रोल आणि गावाकडे पाठवायचे पैसे बसवा. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकाची स्थिती याहून वाईट. 'कायम विनाअनुदानित' यातील 'कायम' हा शब्द शासनाने २००९ साली काढला, पण शब्द गेला म्हणून पगार आला नाही. अनुदानाचे टप्पे मिळवण्यासाठी शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसले. असा शिक्षक कर्जासाठी बँकेत येतो. आम्ही पगारपत्रक मागतो. बी. ए., बी. एड. झालेला, दहा वर्षे मुलांना शिकवणारा माणूस मान खाली घालतो, कारण त्याच्याजवळ पगारपत्रकच नसते. नियमाप्रमाणे आम्हाला नाही म्हणावे लागते.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. अशा संस्था चालवणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. फुले-आंबेडकरांचे नाव फलकावर लिहायचे आणि आत आपल्याच मुलाकडून नेमणुकीसाठी पैसे घ्यायचे, हा त्या नावांचा अवमान आहे. खेड्यातील शिक्षकाला किमान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावी १५-२० असावा, असे जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. चांगला शिक्षक हवा तर त्याचे पोट भरले पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळले होते. दारूवरील करातून सरकार जेवढे उत्पन्न लोकांकडून घेते, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करावे, अशी मागणी बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात केली. शिक्षकाला अर्धपोटी ठेवून समाज शिकवता येतो असे या दोघांपैकी कोणीही मानले नाही.

परीक्षांचा ताणही आहे. २०१३ पासून राज्यात पात्रता परीक्षा सुरू झाली. पुढे तीतही गैरव्यवहार उघड झाला, आणि प्रामाणिकपणे पास झालेल्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतील शिक्षकांनाही ही परीक्षा आवश्यक ठरवली. शिक्षकाची पात्रता तपासावी, याला आमचा विरोध नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेला शिक्षक आज दिवसा वर्ग घेतो आणि रात्री स्वतः अभ्यासाला बसतो, हे त्याला टोमणा मारताना ध्यानात असावे.

आता कोणी म्हणेल, शिक्षकांचे शिक्षक बघून घेतील, त्यात आपले काय जाते? बंधूंनो, सर्वांत जास्त आपलेच जाते. कसे ते पाहा. आपण म्हणतो, जिल्हा परिषदेची शाळा वाईट. ज्याला परवडते तो मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. पट घसरतो. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरून दुसरीकडे जातो. उरलेले एक-दोन शिक्षक चार-चार वर्ग सांभाळतात. मग शाळा खरोखरच मागे पडते आणि आपण म्हणतो, 'बघा, आम्ही सांगितलेच होते!' या फेऱ्यात शेवटपर्यंत त्या शाळेत कोण राहते? शेतमजुराचे, वीटभट्टीवाल्याचे, धुणीभांडी करणाऱ्या आपल्याच बहिणीचे मूल राहते. तिला इंग्रजी शाळेची फी परवडत नाही आणि क्लासचीही परवडत नाही. शिक्षकाची केलेली टिंगल फिरून त्या मुलाच्या पाटीवर येऊन पडते. आणि अशाच जिल्हा परिषद शाळेत, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीला शिकवणारे रणजितसिंह डिसले २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले, हेही विसरू नका.

मग आपण शिक्षकाच्या पाया पडावे काय? मुळीच नाही. भगवान बुद्धांनी याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात दिले आहे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. शिष्याने पाच गोष्टी कराव्यात : आचार्य आले की उठून मान द्यावा, त्यांच्याजवळ जावे, ऐकण्याची इच्छा ठेवावी, त्यांची सेवा करावी, आणि विद्या आदराने ग्रहण करावी. पण भगवंत येथे थांबले नाहीत. आचार्यांनाही त्यांनी पाच कर्तव्ये सांगितली : शिष्याला चांगले वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे, हातचे न राखता सर्व विद्या द्यावी, आपल्या मित्रमंडळींत त्याची चांगली ओळख करून द्यावी, आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. पाच इकडे, पाच तिकडे. यात अंगठा मागणारा द्रोणाचार्य बसत नाही आणि शिक्षकाला उठताबसता हिणवणारा पालकही बसत नाही.

म्हणून जो शिक्षक वर्गात मुलाची जात काढतो, शाळेच्या वेळात आपला जोडधंदा बघतो, मुलांना मारतो, त्याला आपण पाठीशी घालू नये. त्याची तक्रार करावी. पण रीतीने करावी. आधी शिक्षकाशी, मग मुख्याध्यापकांशी बोलावे, आणि न ऐकल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. पानाच्या टपरीवर सर्व शिक्षकांना एका काठीने हाकू नये.

मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. या जागा कागदावर भरल्या जातात आणि सह्या घरपोच होतात. आपल्या भगिनींनी सभेला जाऊन बसावे. दुसरी, शिष्यवृत्ती, आधार, बँक खाते यांची कामे मंडळातील शिकलेल्या तरुणांनी रविवारी विहारात करून द्यावीत. बँकेच्या कागदांची जबाबदारी आम्ही घेतो. शिक्षकाचा तेवढा वेळ वर्गाला मिळेल. तिसरी, पुढील वर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्याबरोबर त्याच्या एका शिक्षकालाही बोलवावे. तो शिक्षक कोणत्या जातीधर्माचा आहे हे पाहू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला कोणी विचारले, 'मोठेपणी कोण होणार?' आणि तुम्ही 'शिक्षक' म्हणालात, तर घरचे कदाचित नाराज होतील. त्यांना सांगा की सावित्रीबाई शिक्षिका होत्या आणि बाबासाहेबांनीही खडू हाती धरला होता. फक्त शिक्षक व्हाल तर मनापासून व्हा. नोकरी म्हणून मागच्या बाकावरच्या पोराला विसरू नका. ते मूल बहुधा आपल्याच वस्तीतले असते.



नमो बुद्धाय! जयभीम!